लुस्वेती हलला नाही

ओरडणाऱ्या पेशंटची मला भीती वाटत नाही. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे, अंगात जोर आहे. अँब्युलन्सवर नर्स म्हणून इतकी वर्षं काढली, त्यात माझ्या हातातून जे गेले ते बहुतेक गप्प बसणारे होते. आणि आमच्या पश्चिम केनियातल्या बुकुसू लोकांत म्हातारे पुरुष गप्पच बसतात. मिसरूड फुटायच्या वयात सगळ्या गावासमोर सुंतेच्या चाकूपुढे उभं राहायचं, पापणी लववायची नाही, हूं की चूं करायचं नाही. जो हलला त्याच्या घराण्याचं नाक कापलं गेलं म्हणून समजा. दुखणं गिळायला जो तिथे शिकला, तो मरेपर्यंत गिळत राहतो. मी याच समाजातली आहे, भावांच्या वेळी घसा बसेपर्यंत नाचले आहे. त्यामुळे या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवू नये.

ऑगस्ट महिना होता आणि एक आड एक येणारं सुंतेचं वर्ष होतं. असं वर्ष आलं की चवेलेच्या बाजूला दिवसरात्र लोखंडी घंटांचा खणखणाट चालतो. पोरं घंटा वाजवत नातेवाइकांना आमंत्रणं देत फिरतात, मागे गाणारा घोळका. रस्ते अडतात, लोक झिंगलेले असतात. त्यात माझा ड्रायव्हर ओकुमु लुओ जमातीचा. लुओंमध्ये ही चाल नाही, म्हणून या महिन्यात आमचे घोळके लुओ पुरुष दिसला की त्याची टर उडवतात, आणि ती कधी हातघाईवर येईल सांगता येत नाही. बिचारा घामाघूम झाला तरी काच खाली करत नाही.

"सिस्टर नमाल्वा," तो त्या दिवशी म्हणाला, "आज मला कोणी गाडीतून ओढलं, तर 'माझा नवरा आहे' म्हणून बोंब मार."

"तुला नवरा म्हणण्यापेक्षा त्यांनी तुला नेलेलं बरं."

तो हसत होता तेवढ्यात फोन आला. एक बाई अगदी दबक्या आवाजात बोलत होती.

"सिस्टर, लवकर या. माझे सासरे उभे आहेत."

"उभे आहेत म्हणजे?"

"पहाटेपासून अंगणात उभे आहेत. हलत नाहीत. सगळे म्हणतात, काय छान उभे आहेत. पण मला ते बरे दिसत नाहीत हो. आणि मी फोन केला असं सांगू नका."

बाईचं नाव नेलिमा. घर ऊसवाहतुकीच्या रस्त्याला लागून होतं. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात जत्रा भरली होती. शेजारच्या घरी पहाटे पोराची सुंता झाली होती आणि तिथली निम्मी माणसं इकडे बघायला आली होती. मधोमध नेलिमाचा सासरा, लुस्वेती, उघड्या अंगानं उभा. पायात जुनी विजार, डोक्याला आणि छातीला ओला चिखल फासलेला, हात कमरेवर, नजर समोर डोंगराकडे. वय ऐंशीच्या पुढचं असेल. म्हाताऱ्याची स्मृती गेली होती. आज कोणता दिवस, समोर कोण, यातलं काही कळत नव्हतं. पण शेजारच्या बायकांचा गलका ऐकून तो उठला, सुंतेच्या पोराला फासतात तसा गुरांच्या हौदाकडचा चिखल स्वतःच अंगाला फासला आणि येऊन उभा राहिला. त्याच्या लेखी त्याची स्वतःची वेळ आली होती.

त्याचा धाकटा भाऊ खाएंबा खुर्ची टाकून बसला होता. पुढ्यात बाजरीच्या दारूचं मडकं, तोंडात लांब नळी.

"बघ, सिस्टर, बघ!" तो म्हणाला. "याला म्हणतात पुरुष. आजकालची पोरं सुई दिसली की आईला हाक मारतात. हा म्हातारा पहाटेपासून उभा आहे. डोकं गेलं, पण हाड गेलं नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हाताऱ्यासमोर गेले. चिखलावरून घामाचे ओघळ वाहत होते आणि अंग गार होतं. नाडी धावत होती. श्वास वरच्यावर, छातीच्या वरच्या टोकाशी. पोट श्वासाबरोबर हलतच नव्हतं. ओठ राखेच्या रंगाचे.

"आजोबा, कुठे दुखतंय का?"

"नाही."

"पोटात?"

त्यानं माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. मी पोटाला हात लावला. पाटासारखं कडक. मांडीला लावला, तीही कडक. मान, दंड, सगळा माणूस ताठ झाला होता.

"ए, हात काढ!" खाएंबा ओरडला. "उभ्या माणसाला बाईनं हात लावायचा नसतो. आई-बापानं हेच शिकवलं का तुला?"

"आई-बापानं शिकवलं, दारू प्यालेल्या माणसाशी वाद घालू नये," मी म्हणाले. "यांचा मुलगा कुठे आहे?"

कुंडू पुढे आला. पन्नाशीचा, खांदे पडलेला, दमलेल्या चेहऱ्याचा माणूस. त्याच्याकडे बघून दोघं-तिघं हसले. का, ते मला तिथेच कळलं, कारण खाएंबानं ते माझ्याही कानावर घातलं. "हा मुलगा? ह्याचा पाय हलला होता, सिस्टर. चाकू बघितला आणि पाऊल मागे! लुस्वेतीनं त्या दिवसापासून ह्याच्या घरात पाऊल टाकलं नाही. शेजारच्या झोपडीत राहतो, जेवणाचं ताट तिथे जातं."

तीस वर्षांहून जुनी गोष्ट. आणि हा माणूस ती मडक्यावर बसून, त्याच्याच अंगणात सांगत होता. कुंडूनं काही ऐकलंच नाही असा चेहरा केला. त्याला सवय झाली असावी.

"सिस्टर, आज ते पळून गेले नाहीत," तो मला हळूच म्हणाला. "रोज मी त्यांना उसाच्या ट्रॅक्टरसमोरून ओढून आणतो. रात्री दाराला पाय लावून झोपतो. आज पहिल्यांदा सकाळी बसून चहा प्यालो. मला वाटलं, देवानं एक दिवस सुट्टी दिली."

मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. वेड लागलेल्या म्हाताऱ्याला सांभाळणं काय असतं ते मी घरोघर पाहते. त्यात आमच्यात सुनेनं सासऱ्याला शिवायचं नसतं. म्हणजे जी बाई दिवसभर घरात असते, तिनं ताट दारात ठेवायचं आणि मागे फिरायचं. नेलिमा आताही चुलीच्या खोपटाच्या दारात उभी होती, अंगणात येत नव्हती.

तिथूनच ती म्हणाली, "कालपासून ताट तसंच परत येतंय. पाणीसुद्धा घेतलं नाही."

"औषध काय चालू आहे?"

"गुडघ्याच्या गोळ्या," कुंडू म्हणाला. "बाजारातल्या दुकानातून आणतो. लापशीत कुस्करून देतो रोज. त्यानं चालणं सुधारलं होतं."

रोज, आणि किती महिन्यांपासून, ते त्यालाही आठवत नव्हतं. त्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर आतून जाळतात, एखाद्या दिवशी भोक पडतं, आणि मग पोटातलं सगळं पोटभर पसरतं. ज्याच्या पोटात असं झालंय तो माणूस निपचित राहतो, कारण जरा हललं तरी जीव जातो. लोक ज्याला टाळ्या वाजवत होते ते हेच होतं.

"आत्ता निघायचं," मी म्हणाले.

"कुठे निघायचं? सुंता करणारा अजून आला नाही, त्याच्या आधीच नेलं तर तो पळाला असं होईल," खाएंबा म्हणाला आणि खरंच उठून आडवा आला. त्याच्या मागे आणखी दोघं. दारू प्यालेली माणसं विनोद करता करता कधी विनोद सोडतात ते त्यांनाही कळत नाही. मी कुंडूकडे पाहिलं.

"काका, बाजूला व्हा," कुंडू म्हणाला. आवाज एवढासा.

"नाहीतर?"

तेवढ्यात ओकुमु स्ट्रेचर ओढत आत आला आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. "अरे, लुओ! लुओ आला! चाकू आणा रे!" हशा पिकला. ओकुमुनं हात जोडले. "बाबांनो, मी केव्हाच हॉस्पिटलात करून घेतलीय. कार्ड गाडीत आहे. बायको रोज तपासते." आणखी मोठा हशा. त्या हशात ओकुमु, कुंडू आणि मी म्हाताऱ्याला उचललं. तो आडवा होईना. गुडघे वाकेनात. शेवटी खांब उचलावा तसा त्याला तिरका गाडीत घातला, कुंडूही मागे चढला. डोळे टक्क उघडे. तोंडातून आवाज नाही.

बाजाराच्या वळणावर घोळका आडवा आला. घंटा, शिट्ट्या, चिखलानं माखलेला पोरगा मधे. ओकुमुनं भोंगा लावला, तर लोकांनी त्याच तालावर नाच सुरू केला. कोणी गाडीच्या पत्र्यावर थापा मारू लागलं. आत म्हाताऱ्याचं अंग प्रत्येक घंटेबरोबर आणखी ताठत होतं. मी सलाईनसाठी शीर शोधत होते आणि मुठीत आवळलेल्या हातात ती सापडत नव्हती. रक्तदाब मोजला तर बरा आला. मला तो बरा आकडा बघूनच धडकी भरली, कारण याचा दाब एरवी फार वरचा असायचा असं कुंडू सांगत होता.

म्हाताऱ्यानं डोळे न हलवता ओठ हलवले. "बाबा," तो कुंडूला म्हणाला. "बघताय ना तुम्ही?"

कुंडू दचकला. "ते मला काय म्हणाले?"

"तू त्यांना त्यांचा बाप वाटतोयस," मी म्हणाले. "आणि ते अजून उभेच आहेत."

मोठ्या रुग्णालयात पोचलो तर तिथे हलकल्लोळ. सकाळी एक बस उलटली होती. व्हरांड्यात माणसं ओरडत होती, रक्त, तुटलेली हाडं, रडणाऱ्या बायका. डॉक्टर कागेंडो एकटी त्या सगळ्यांत फिरत होती. मेरूकडची मुलगी, हुशार, कालपासून झोपलेली नसावी. तरी ती माझ्या एका हाकेवर आली.

"आजोबा, पोट दुखतंय?"

"नाही."

तिनं हात ठेवला, बोटांनी ठोकलं, दाबलं, दाब सोडून पाहिलं. म्हाताऱ्याची पापणी लवली नाही. तिनं पाय दाबला, दंड दाबला.

"सिस्टर, यांचं सगळंच ताठ आहे. पोट वेगळं काढून कसं सांगू? ताप नाही, दाब ठीक. दाबल्यावर माणूस हूं सुद्धा करत नाही."

"डॉक्टर, हा माणूस हूं करणारच नाही. तुम्ही करवतीनं कापलंत तरी करणार नाही."

"मला कळतंय तुम्ही काय म्हणताय. पण ऑपरेशनचं टेबल एकच आहे आणि बाहेर एकाचं यकृत फाटलंय. यांना थोडं थांबू शकणाऱ्यांची पिवळी पट्टी बांधते. एक्स-रे काढू, पण आधी बसवाले." आणि ती धावत गेली. तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. ओरडणाऱ्यांकडे आधी जायचं, असं आम्हा सगळ्यांनाच शिकवलेलं असतं. वेड्याला, मुक्याला, म्हाताऱ्याला कसं विचारायचं ते मात्र कोणी शिकवत नाही, आणि याचा मला भयंकर संताप येतो.

एक्स-रेच्या रांगेत म्हाताऱ्याचं स्ट्रेचर पुढे सरकत नव्हतं. नखं निळसर होऊ लागली होती. मी कुंडूला कोपऱ्यात ओढलं.

"चाकू झाल्यावर पोराला मोकळं कोण करतं?"

"म्हणजे?"

"झालं, आता बस, असं कोण म्हणतं?"

"शिट्टी वाजते. मग बाप म्हणतो."

"मग म्हण."

तो मागे सरला. "मी?"

"ते तुलाच बाप समजतायत. तू बस म्हणालास तर बसतील. अंग सैल सोडतील, रडतील, तर डॉक्टरला पोट लागेल हाताला."

"सिस्टर, ज्याचा पाय हलला त्यानं कोणाला मोकळं करायचं? माझ्या स्वतःच्या पोराच्या वेळी मला अंगणात उभं राहू दिलं नाही. काकानं केलं सगळं. बाबांनीच सांगितलं होतं तसं." "आणि बाबांना रडायला लावू? इतक्या लोकांत? शुद्धीवर असते तर मला त्यांनी माफ केलं नसतं."

"तसंही कुठे केलंय?" मी ताडकन म्हणाले. जिभेला हाड नाही माझ्या. "तुझा बाप मरतोय, कुंडू. आत्ता, या बाकाशेजारी. तो अब्रूनिशी मेलेला हवाय की रडत जगलेला, एवढंच ठरव, आणि लवकर ठरव."

व्हरांडा आमच्या गाववाल्यांनी भरलेला होता. बसमध्येही आमचीच माणसं होती, लग्नासुंतेला निघालेली. सगळे लुस्वेतीला ओळखत होते. मग कुंडू स्ट्रेचरपाशी गेला, बापाच्या तोंडाजवळ वाकला आणि शिट्टी वाजवली. ती नीट वाजलीही नाही. लोक वळून बघू लागले.

"झालं, पोरा," तो म्हणाला. "झालं सगळं. तू चांगला उभा राहिलास. आता बस."

म्हाताऱ्याची नजर पहिल्यांदा हलली. ती कुंडूच्या चेहऱ्यावर आली. "झालं?"

"झालं."

"कोणी बघत नाही?"

"मी आहे फक्त. रड आता. दुखत असेल तर सांग."

आणि तो माणूस सैल पडला. हात कमरेवरून सुटले, गुडघे पोटाशी आले, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. बसमधले जखमीसुद्धा गप्प झाले. "दुखतंय, बाबा. फार दुखतंय. आई कुठे आहे?" एका म्हाताऱ्यानं शरमेनं तोंड फिरवलं. कागेंडो पळत आली, तिनं पोटाला नुसतं बोट लावलं आणि तो किंचाळला. तिनं पिवळी पट्टी फाडून टाकली. एक्स-रेची वाट न बघता तिनं सर्जनला हाक मारली. दारापर्यंत कुंडू त्याचा हात धरून चालत होता आणि सारखं म्हणत होता, "रड, रड, मी आहे." म्हातारा रडतच आत गेला.

ऑपरेशन झालं. भोक होतंच, आणि ते कालचं होतं. पोटात सगळीकडे पसरलं होतं. सर्जन म्हणाला, काल आणला असता तर पैज लावून वाचवला असता. दुसऱ्या दिवशी दुपारी लुस्वेती गेला, शुद्धीवर न येता. मी ड्यूटीवरून उतरत होते. कुंडू बाहेर पायरीवर बसला होता, मी शेजारी बसले आणि आम्ही दोघंही रडलो.

पुरल्यानंतरच्या बैठकीला नेलिमानं मला मुद्दाम बोलावलं. झाडाखाली म्हातारे खुर्च्यांवर, बायका गवतावर. खाएंबा मधे उभा राहून बोलत होता. "माझा भाऊ दगडासारखा उभा होता! चांगला, ठणठणीत! मग ही गाडी आली." काठीचं टोक माझ्याकडे वळलं. "हिनं त्याला ओढून नेलं आणि तिकडे कापून मारलं." सगळ्या माना माझ्याकडे फिरल्या. कोणी कुजबुजलं, कोणी उठून पुढे आलं. ओकुमु फाटकाबाहेर गाडीत होता आणि ते अंतर मला फार लांब वाटलं.

कुंडू उभा राहिला.

"खाली बस," खाएंबा म्हणाला. "तुझं उभं राहणं आम्ही पाहिलंय." हशा झाला, पण थोडाच.

"माझा बाप रडत गेला," कुंडू म्हणाला. "मोठ्यानं रडला. आईला हाका मारल्या. मीच त्याला रड म्हणालो. पोटाला भोक पडलं होतं, दोन दिवस दुखत होतं, आणि आपण सगळे खुर्च्या टाकून टाळ्या वाजवत होतो. मीसुद्धा. मी चहा पीत होतो. एक दिवस आधी रडला असता तर आज इथे बसला असता. सिस्टरला कोणी हात लावला तर आधी मला लावा."

कोणी हात लावला नाही. एक म्हातारा थुंकला, दुसरा उठून निघून गेला. बायकांत नेलिमा तोंडाला डोक्याचा रुमाल लावून बसली होती. बैठक तशीच मोडली. लुस्वेतीची अब्रू गेली, असंच बहुतेकांच्या मनात असणार. मला त्या माणसांचा इतका राग आला होता की चहा न घेता निघाले.

गाडीपाशी पोचते तोच मागे काठी वाजली. खाएंबा. एकटा. मी दाराची मूठ घट्ट धरली.

"कुंडू मूर्ख आहे," तो म्हणाला. "बापाची लाज चव्हाट्यावर मांडली."

"हे सांगायला आलात?"

तो गेला नाही. काठीवर भार देऊन उभा राहिला. मी पहिल्यांदा त्याच्याकडे नर्सच्या नजरेनं पाहिलं. कपाळावर घाम होता, आणि ऊन तर केव्हाच उतरलं होतं. डावा हात त्यानं पोटाशी धरला होता, दुखऱ्या पिल्लाला धरावं तसा.

"काका, काय होतंय?"

त्यानं मागे, झाडाखालच्या खुर्च्यांकडे पाहिलं. तिथून माणसं आमच्याकडेच बघत होती.

"आधी गाडीत घे," तो म्हणाला. "आणि दार लाव."

मी त्याला आत बसवलं, ओकुमुला गाडी चालू करायला सांगितलं आणि दार लावलं. दार नीट लागलंय का, ते त्यानं स्वतः हातानं ओढून पाहिलं. मग त्यानं माझा दंड धरला आणि लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडू लागला.